कार्बोरेटरच्या गळ्यातलं कडं

आमच्या भावोजींना घराबाहेर पडायचं तर आप्पांच्या पायांना वळसा घालून जावं लागतं. हे मी अलंकारिक वगैरे बोलत नाही. ताई आणि भावोजी गॅरेजच्या माडीवर राहतात, माडीचा जिना गॅरेजमध्येच उतरतो, आणि शेवटच्या पायरीसमोर आप्पांची खुर्ची असते. आप्पा म्हणजे आमचे वडील, गॅरेजचे मालक. गुडघे दुखतात म्हणून ते पाय लांब करून बसतात, आणि कुणी आलं तरी आखडून घेत नाहीत. माडीला दुसरा दरवाजा नाही. खिडकी एकच, तीही आतल्या बाजूला. उघडली की खाली उभ्या असलेल्या गाड्यांची टपं दिसतात. संध्याकाळी शटर पडलं की बाहेर जायला एकच वाट उरते, ती मागच्या अंगाला आमच्या स्वयंपाकघरातून, आणि तिथे आप्पा जेवत असतात.

भावोजी ज्या कारखान्यात लेथ चालवायचे तो बंद पडला, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "वरची खोली रिकामीच आहे, तात्पुरतं या." ते तात्पुरतं अजून चालू आहे. मधल्या काळात त्यांची मुलगी त्याच खोलीत लहानाची मोठी झाली, शिकली आणि नोकरीसाठी लांब निघूनही गेली. सुरुवातीला आप्पा त्यांना 'जावईबापू' म्हणायचे. मग 'अहो'वर आले. आता 'अरे' म्हणतात, आणि घाईत असले तर नुसती चुटकी वाजवतात. भावोजी चुटकीलाही 'आलो' म्हणतात. मला त्याचा भयंकर राग येतो. चुटकीचाही येतो आणि 'आलो'चाही.

मी धाकटी. पुढच्या काउंटरवर बसून सुटे भाग विकते. माझं लग्न झालं नाही. ती वेगळी कहाणी आहे आणि तिच्यातही आप्पा आहेतच.

आता कार्बोरेटरचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं आहे. जुन्या गाड्यांचं इंजिन हवा ओढून घेतं. ती हवा कार्बोरेटरच्या गळ्यातून जाते. गळा अरुंद असला की हवा तिथे जोरात पळते आणि पळता पळता पेट्रोल उचलून नेते. म्हणून गळा इंजिनाच्या मापाचा पाहिजे. फार लहान झाला तर गाडीला वेगात दम लागतो. फार मोठा झाला तर संथ चालताना हवा रेंगाळते, पेट्रोल धड उचललं जात नाही, आणि पाय दाबला की गाडी खोकते, गचका देते आणि बंद पडते. हे सगळं मला भावोजींनी शिकवलं. ते माप ठरवतात तेही बघण्यासारखं असतं. इंजिन केवढं, ते किती जोरात फिरणार, हे तर कुणीही विचारेल. भावोजी गाडीचं दार उघडून आधी खाली वाकतात आणि एक्सलरेटरच्या पॅडलचं रबर बघतात. ते कुठे झिजलंय, किती झिजलंय, यावरून मालकाचा पाय कसा आहे ते त्यांना कळतं. मग मालकाला गाडी चालवायला लावतात आणि स्वतः मागच्या सीटवर बसून येतात. "माणूस सांगतो एक आणि त्याचा पाय करतो दुसरंच," असं ते म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, मला गाडी पळवायची आहे. पाय सांगतो, हा बाजारात जाऊन भाजी घेऊन परत येणार.

आणि आप्पा? आप्पांनी एका बंद पडलेल्या कंपनीचा माल लिलावात उचलला होता. खोकीच्या खोकी भरून कार्बोरेटर, सगळे एकाच मापाचे, आणि ते माप मोठ्या इंजिनांचं. तेव्हापासून आप्पांच्या तोंडी एकच मंत्र. मोठा बसवा, जोर वाढेल. गिऱ्हाइकांनाही ते लगेच पटतं. मला लहान द्या असं म्हणणारा माणूस या काउंटरवर मी अजून पाहिलेला नाही.

पहिल्याच खेपेला भावोजी गिऱ्हाइकासमोर बोलून गेले होते, "आप्पा, हा या इंजिनाला मोठा होतो."

आप्पांनी मान वर न करता सांगितलं, "बसव म्हटलं की बसवायचं."

भावोजींनी बसवला. दुसऱ्या दिवशी ती गाडी माणसांनी ढकलत आणली. मालक शिव्या देत होता, आप्पा चुटक्या वाजवत होते. भावोजींनी कार्बोरेटर काढला, मागच्या कोपऱ्यातल्या लेथवर गेले आणि पितळेचं एक कडं करून त्याच्या गळ्यात घट्ट बसवलं. बाहेरून बघाल तर तोच मोठा कार्बोरेटर. आतून गळा इंजिनाला पाहिजे तेवढाच. आतला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, तीही त्या मापाची घातली. गाडी अशी सुरू झाली की मालक शिव्या विसरला. आप्पा त्याला म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?"

त्या दिवसापासून हेच चालू आहे. आप्पा मोठा द्यायला सांगतात, भावोजी मूग गिळून त्यात कडं घालतात, गाडी पळते, आणि नाव आप्पांचं होतं. लांबलांबून लोक येऊ लागले. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी तेच कार्बोरेटर आमच्याकडून नेऊन बसवून पाहिले आणि हात टेकले. "तुमच्या जावयाच्या हाताला गुण आहे," असं सगळे म्हणायला लागले. एवढं गुणी माणूस कोण सोडतं? एकदा भावोजींना एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. आप्पा म्हणाले, "जा की. फक्त हातातल्या गाड्या संपव." गॅरेजमध्ये हातातल्या गाड्या कधी संपतात का! स्वतःच्या हातांनी एकेक कडं करत या माणसाने स्वतःला पक्कं बांधून घेतलं, आणि मी काउंटरवर बसून ते बघत राहिले.

ताईला फार काही नको आहे. तिला बाहेर उघडणारी एक खिडकी पाहिजे. पेट्रोलचा वास न येणारी चादर पाहिजे. नवऱ्याशी भांडायचं तर खालच्या माणसांना ऐकू न जाता भांडता आलं पाहिजे. ती मला म्हणते, "माझं सगळं आयुष्य कुजबुजण्यात गेलं गं."

तळ्यावरच्या बाई आल्या त्या सुमाराची गोष्ट. या बाईंचा डोंगरातल्या एका गावात धंदा आहे. तिथे मोठं तळं आहे. पाहुणे येतात, बाईंच्या जुन्या उघड्या गाड्यांतून तळ्याभोवती फिरतात, फोटो काढतात. बाई उंच, आवाज खणखणीत, बोलणं तोंडावर. त्यांची पहिली गाडी आमच्याकडे आली तेव्हा भावोजी तापाने वर पडून होते. आप्पांनी स्वतःच्या हातांनी मोठा कार्बोरेटर बसवून दिला, बिनकड्याचा. बाई गाडी घेऊन गेल्या आणि थोड्याच दिवसांत परत आल्या. सपाटीला बरी चालते, म्हणाल्या, पण चढावर वळण आलं की खोकून बंद पडते. बाई घाई करत समोर उभ्या होत्या, कडं करायला वेळ नव्हता; भावोजींनी जेवढं जमलं तेवढं केलं, स्क्रू इकडेतिकडे फिरवले. गाडी गेली आणि पुन्हा आली.

या खेपेला बाई आप्पांच्या खुर्चीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे बघा, दर वेळी डोंगर उतरून यायचं मला परवडत नाही. तुमच्या या जावयांना माझ्याकडे पाठवा. कायमचे. पगार देईन, दोन खोल्या देईन. खिडकीतून तळं दिसतं. रोज तिथल्या तिथे गाडी नीट करतील."

मी बघितलं, ताई जिन्यात उभी होती. तिने कठडा धरला.

आप्पांच्या कार्बोरेटरला कुणी नावं ठेवली की त्यांना झोंबतं. ते म्हणाले, "माझ्या मालात खोट नाही."

"मग चढावर का मरतो तो?"

"या वेळी मरायचा नाही. आठवडाभर गाडी ठेवा. हाच कार्बोरेटर बसवून देतो. पुन्हा तक्रार आली तर जावई तुमचा, घेऊन जा."

"सगळ्यांसमोर म्हणताय."

"म्हणतोय. तुम्हीसुद्धा ऐकलंत ना सगळ्यांनी?"

गॅरेजमध्ये होते त्या सगळ्यांनी ऐकलं होतं. भावोजींनीही ऐकलं होतं, पण त्यांना कुणी काही विचारलं नाही. एखादी टेबलखुर्ची पैजेवर लावावी तसं त्यांना लावलं होतं. मला एरवी संताप आला असता. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कडं घातलं नाही की झालं! आप्पा सांगतात तसं, अगदी तस्संच करायचं. मोठा कार्बोरेटर, जसा खोक्यातून निघाला तसा बसवायचा. गाडी वर जाईल, खोकेल, बाई फोन करतील, आणि आप्पांच्याच शब्दाने दार उघडेल. एवढी वर्षं आप्पांचं ऐकून भावोजी अडकले होते. आता आप्पांचं ऐकूनच सुटणार होते.

मी माडीवर जाऊन हे बोलून दाखवलं तेव्हा भावोजी म्हणाले, "माझ्याही तेच मनात आलं." आणि पुढे, "या वेळी आत काही घालत नाही."

ताईने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग तिने मला हळूच विचारलं, "आम्ही गेलो तर तू एकटी पडशील ना इथे?" पडणारच होते. आप्पा, त्यांची खुर्ची आणि मी. पण खरंच सांगते, मला त्याचं काही वाटत नव्हतं. या घरातून निदान कुणीतरी सुटतंय, हेच मला पुष्कळ होतं. ताईने चादरी धुऊन घडी करून ठेवल्या. जाड कपड्यांचं एक गाठोडं बांधलं, डोंगरात थंडी असते म्हणून.

आठवडाभर भावोजींनी त्या गाडीचं बाकी सगळं काम मन लावून केलं. ब्रेक, प्लग, पंखा, सगळं. कार्बोरेटर मोठाच बसवला, आत काही नाही. लेथकडे ते फिरकलेसुद्धा नाहीत. आप्पा खुर्चीतून बघत होते आणि पेपर वाचत होते.

ठरल्या दिवशी सकाळी बाई गाडी न्यायला आल्या. खूश होत्या. काउंटरवर टेकून माझ्याशी गप्पा मारायला लागल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या या कार्बोरेटरपायी मला एक माणूस नोकरीला ठेवावा लागलाय, ठाऊक आहे? त्या चढाच्या वळणावर तो लाकडी ठोकळा घेऊन उभा असतो. गाडी बंद पडून मागे यायला लागली की पळत येऊन चाकाखाली ठोकळा सारतो. पाहुण्यांना गंमत वाटते, टाळ्या वाजवतात."

मी हसले. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "गेल्या खेपेला बिचाऱ्याचं बोट चाकाखाली सापडलं. नखासकट गेलं पुढचं टोक."

भावोजी बॉनेटवर वाकलेले होते. त्यांनी मान वर केली. "कुठलं बोट?"

बाईंनी आपल्याच उजव्या हाताचं पहिलं बोट दाखवलं. "हे. का हो?"

"काही नाही," भावोजी म्हणाले. फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "बाई, थोडा वेळ थांबाल? एक राहिलंय."

ते कार्बोरेटर सोडवायला लागले. मी काउंटर टाकून त्यांच्यामागे लेथपाशी गेले आणि बटणावर हात ठेवून उभी राहिले.

"भावोजी, नाही."

"हात काढ."

"तुम्ही ताईला शब्द दिलाय. गाडीला ब्रेक आहेत, ते तुम्हीच केलेत. बाई फार तर दोन-चार दिवसांत फोन करतील, तुम्ही वर जाल, आणि तिथे गेल्यावर बसवा की हवं तेवढं कडं! दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे!"

"त्या दोन-चार दिवसांत तो ठोकळा घेऊन उभा असणार."

"मग त्यांना सांगा, गाडी चढावर नेऊ नका म्हणून."

"तिथे रस्ताच तेवढा आहे." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि ठोकळेवाला नसता तरी मला नसतं जमलं बहुतेक. आठवडाभर झोप नाही मला. चुकीचं माप लावून गाडी दारात उभी आहे, हे डोक्यातून जातच नाही."

मला रडू फुटलं. रागाचं रडू. आपल्या माणसाला सोडवायला बघावं आणि त्यानेच आपला हात बाजूला सारावा, याच्यासारखा राग दुसरा नाही. मी म्हटलं, "आयुष्यात एकदा तरी वाईट काम करा ना हो!" त्यांनी माझा हात हळूच उचलून बाजूला केला आणि लेथ चालू केलं. आप्पा पेपरात डोकं खुपसून होते. लेथचा आवाज तिथवर स्पष्ट जातो, पण त्यांनी पान उलटलं, बस.

कडं बसलं. गाडी सुरू झाली. तो आवाज मी ओळखते. एकसारखा, मऊ, कुठे अडखळणं नाही. वरून ताईनेही ओळखला असणार, कारण खिडकी बंद झाल्याचं मला ऐकू आलं. बाई हात हलवत निघून गेल्या.

ताई मला म्हणाली, "बोट गेलं म्हणे बिचाऱ्याचं." पण भावोजींशी काही दिवस बोलत नव्हती. गाठोडं मात्र सोडलं नाही तिने. अजून पैजेचा निकाल लागला नव्हता ना. जुन्या गाडीत दुसरं काहीही बिघडू शकतं, असं म्हणून मीही रोज फोनकडे बघत होते. लोकांची गाडी बिघडावी म्हणून वाट बघायची, हीसुद्धा काय वेळ येते माणसावर.

फोन आला तो एका दुपारी. काउंटरवर मीच उचलला. बाईंचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत जाईल असा. "अहो, लोण्यासारखी चढते गाडी! ठोकळेवाल्याला काढून तिकिटं फाडायला बसवलाय. तो तुमच्या वडिलांना दुवा देतोय. उरलेल्या गाड्याही पाठवतेय, त्यांनाही तसाच मोठा बसवून द्या!"

फोन मी आप्पांच्या हातात दिला. ते 'हो, हो' करत राहिले, मिशीवरून हात फिरवत राहिले. फोन ठेवला आणि भावोजींना चुटकी वाजवली. भावोजी गाडीखालून बाहेर आले. ताईसुद्धा सगळ्यांचा चहा घेऊन जिना उतरत होती.

"चढली," आप्पा म्हणाले. "लोण्यासारखी. आणखी गाड्या येताहेत."

मला राहवलं नाही. एवढी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "आप्पा, पैज तुम्ही हरलात! तुमचा कार्बोरेटर चढलेला नाही. त्याच्या गळ्यात यांनी कडं घातलंय पितळेचं. याच गाडीत नाही, सगळ्या गाड्यांत! तुमचा माल आजवर एकदाही चाललेला नाही. शब्द पाळायचा असेल तर यांना जाऊ द्या!"

भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. मी आप्पांकडे बघत होते. वाटलं, आता ओरडतील, खुर्ची फेकतील. मला तेच हवं होतं.

आप्पांनी पाय जरासे हलवले आणि शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"कड्याचं. पहिल्या गाडीपासून. मी काय इंजिनाचा आवाज ऐकला नाही कधी? एवढा मोठा गळा त्या इंजिनाला चालतो होय?"

"मग पैज कशी लावलीत?"

"कशी म्हणजे? माल बघून नाही लावली, माणूस बघून लावली." ते भावोजींकडे वळले. त्यांच्याशी एवढ्या सरळ नजरेने बोलताना मी आप्पांना पाहिलेलं नव्हतं. "मला माहीत होतं, तुझ्या हातून चुकीच्या मापाची गाडी बाहेर जायची नाही. काही झालं तरी जायची नाही. तुझ्यासारखा कारागीर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. मी स्वतः तसा नव्हतो."

मला वाटलं, आता तरी हा माणूस पेटून उठेल. हातातलं फडकं आपटेल, म्हणेल की तुम्ही माझ्या चांगुलपणावर कुलूप लावलंत. मी त्यांच्या तोंडाकडे आशेने बघितलं.

भावोजी लाजले. खरंच लाजले. कानापर्यंत लाल झाले, खाली बघितलं, आणि हसू आवरेना म्हणून फडक्याने तोंड पुसलं. एवढ्या वर्षांत त्यांना आप्पांकडून पहिल्यांदाच काही मिळालं होतं. "तसं काही नाही, आप्पा," एवढंच म्हणाले.

ताईने ते हसू बघितलं. ती चहाचा ट्रे घेऊन माझ्याशेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आता हे कुठे जायचे नाहीत," ती कुजबुजली आणि आप्पांच्या पायांना वळसा घालून भावोजींना चहा द्यायला गेली.